दोन लाख किलोमीटरच्या उंबरठ्यावरची गाडी : प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी, शनिवार

जुनी गाडी घ्यायची म्हणून बजेट ठरलं, आणि त्यात कमी धावलेली गाडी बसत नाही हेही कळलं. मग रीतसर प्रकल्पच करायचा. दीड ते सव्वादोन लाख किलोमीटर धावलेल्या गाड्या बघायच्या, प्रत्येकीची नोंद ठेवायची, आणि भावलेली गाडी लगेच उचलायची नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एक हिशोब मांडला. १,८०,००० किलोमीटर सरासरी ताशी ६० ने झाले असतील तर इंजिन ३,००० तास चाललं. तेच रहदारीत ताशी २० ने झाले असतील तर ९,००० तास. मीटरवरचा आकडा दोन्हीकडे एकच. शिवाय रहदारीतल्या गाडीच्या क्लचने, ब्रेकने, स्टार्टरने कितीतरी जास्त मार खाल्लेला. म्हणून 'किती धावली' हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर. पहिला प्रश्न असा, की इथवर येईपर्यंत जी कामं व्हायला हवी होती त्यातली कोणती झाली आणि कोणती माझ्या गळ्यात पडणार? पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'व्हायला हवं', उजवीकडे 'झालं, पुराव्यासह'.

सामान जमवलं: टॉर्च, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा, गाडीखाली आडवं पडायला जुनी चादर, मोठा पुठ्ठा, मल्टीमीटर, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र). रंगाची जाडी मोजायचं यंत्र गॅरेजवाल्या मिस्त्रींकडून उसनं घेतलं. सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेजही त्यांच्याकडे आहे, पण म्हणाले, "भाऊ, ते शेवटी. आधी डोळे आणि नाक वापरा."

५ फेब्रुवारी, बुधवार

फोनाफोनी. सात जणांशी बोललो. प्रत्येकाला दोनच प्रश्न: टायमिंग बेल्ट किंवा चेन याबद्दल काय माहिती आहे, आणि मी येईपर्यंत गाडी सुरू न करता ठेवाल का?

पहिल्या प्रश्नावर चौघे म्हणाले, "काही काम नाही, गाडी टकाटक आहे." एवढ्या धावलेल्या गाडीत काहीच काम निघालं नाही असं सांगणाऱ्याने एकतर कामं केलेली नाहीत किंवा त्याला ती सांगायची नाहीत. एक बाई म्हणाल्या, "मला गाडीतलं कळत नाही, पण बिलं आहेत सगळी." त्यांचं नाव वर्तुळात घेतलं.

बेल्टचा प्रश्न उगाच नाही. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल तोच जुळवून ठेवतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आपटतो, आणि जे काम काही तासांत उरकलं असतं ते हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यापर्यंत जातं. बदलायचा टप्पा इंजिनागणिक वेगळा, साधारण ६०,००० पासून दीड लाख किलोमीटरपर्यंत कुठेही. शिवाय वर्षांचीही मर्यादा असते, ती सगळे विसरतात.

८ फेब्रुवारी, शनिवार : गाडी १

पेट्रोल, अकरा वर्षांची, मीटरवर ९१,६००. माझ्या मर्यादेपेक्षा कमीच, म्हणून हावरटपणे बघायला गेलो.

पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावला. कोमट. "सकाळी जरा धुवायला नेली होती." असेलही. पण गार इंजिन सुरू होतानाचे पहिले दहा सेकंद जे सांगतात ते नंतर तासभर चालवूनही कळत नाही. ढिली झालेली चेन तेव्हा खडखडते, व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर झिरपलेलं ऑइल तेव्हाच निळ्या धुराच्या झुळकेने बाहेर पडतं. ते दहा सेकंद कुणीतरी माझ्याआधीच वापरून टाकले होते.

आत बसलो. स्टिअरिंगचं कातडं आरशासारखं गुळगुळीत. चालकाच्या सीटची दाराकडची कड पार बसलेली. क्लच पेडलच्या रबरावर रेघ उरलेली नाही आणि ब्रेकचं रबर मात्र कोरं. ९१,००० मध्ये इतकी झीज अशक्य नाही, पण पटत नाही. सगळे टायर एकाच कंपनीचे, एकाच आठवड्यातले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बाकीच्या गाडीकडे बघता नव्या टायरांचा हा खर्च विक्रीसाठीच केलेला वाटला.

मग बॉनेटखाली, एअर फिल्टरच्या डब्यामागे, ऑइल बदलल्याचा मळका स्टिकर सापडला. त्यावर १,३४,२०० किमी.

"साहेब, तो दुसऱ्या गाडीचा चुकून लागला असेल."

वीस मिनिटांत परत.

९ फेब्रुवारी, रविवार

कालचं मनातून जात नव्हतं, म्हणून मीटरबद्दल आणखी वाचलं. आकड्यांच्या चाकांचा मीटर जाऊन डिजिटल आल्याने फसवणं अवघड झालं असं मला वाटायचं. उलट आहे. यंत्र जोडलं की काही मिनिटांचं काम. बऱ्याच गाड्यांत हा आकडा गाडीतल्या इतर छोट्या कॉम्प्युटरमध्येही (मॉड्यूलमध्ये) नोंदलेला असतो आणि चांगल्या स्कॅनरला तिथला वेगळा आकडा दिसू शकतो, पण फिरवणारा हुशार असेल तर तोही बदलतो. कागद मात्र एकाच वेळी सगळीकडचे बदलता येत नाहीत. सर्व्हिसची बिलं, इन्शुरन्सची पाहणी, टायरचं बिल, ऑइलचा स्टिकर: तारखांनुसार आकडे चढत गेले पाहिजेत. मध्येच उतरले की विषय संपला. कमी आकड्याच्या संशयित गाडीपेक्षा मोठ्या आकड्याची खरी गाडी बरी.

१५ फेब्रुवारी, शनिवार : गाडी २

डिझेल, २,१२,००० किलोमीटर, बहुतेक हायवेचे. मालक दर आठवड्याला लांबचा प्रवास करायचा. माझ्या तासांच्या हिशोबात एकदम बसणारी.

इंजिन गार. मीच सुरू केलं, मालकाला पाठीमागे उभं राहून धूर बघायला सांगितलं आणि मुलीला त्याचा व्हिडिओ घ्यायला. (मालक धुराबद्दल खोटं बोलेल असं नाही, पण दोन डोळ्यांपेक्षा चार बरे.) किंचित करडा धूर, लगेच गेला. आवाज सम.

रंगाचं यंत्र घेऊन फेरी मारली. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. पुढून ११५, १२२, १३०. मागचा डावा पॅनल ६४०. म्हणजे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली. ठोकर खाल्लेली गाडी म्हणजे वाईट गाडी असं मी मानत नाही, नुसता पत्रा चेपला होता की सांगाडा वाकला होता एवढंच बघायचं. डिकीतलं कार्पेट आणि स्टेपनी काढली. तळाला सुरकुत्या नाहीत, कंपनीचे स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर, सीलंटची रेघ दोन्ही बाजूंना सारखी. सांगाडा ठीक. स्टेपनीच्या खोलगट भागात गाळही नव्हता. पुरात बुडालेली गाडी वरून कितीही चकाचक केली तरी तिथे, सीटच्या रुळांत आणि पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचे डाग राहतात.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं. जरा वाफ, झाकण थरथरलं पण उडालं नाही. मिस्त्रींच्या भाषेत, बॅक कॉम्प्रेशन नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले की ज्वलनाचा वायू खाली उतरतो आणि या भोकातून भकाभका बाहेर येतो.

इथपर्यंत मी मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली होती.

मग स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड नाही. पण त्याच स्कॅनरवर 'रेडिनेस'चं पान असतं, तिथे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या की नाहीत ते दिसतं. जवळपास सगळ्या अपूर्ण. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' बघितलं तर ११ किलोमीटर. कुणीतरी आज किंवा काल पाटी कोरी केली होती. बॅटरी काढल्यानेही असं होतं, आणि मालकाने तेच कारण दिलं.

भांडलो नाही. म्हटलं, "तुम्ही नेहमीसारखी दीड-दोनशे किलोमीटर चालवा, मी बुधवारी परत येतो."

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. इंजिनाचा दिवा लागलेला. कोड पी-२४६३, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबलाय. मालकालाही वाईट वाटलेलं दिसलं. नोकरी बदलल्यापासून वर्षभर गाडी घर ते ऑफिस चार किलोमीटरच चालत होती, हे त्याने आज सांगितलं. हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सलग, तापलेला प्रवास लागतो. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो फक्त भरत जातो. दोन लाख किलोमीटर हायवेने जपलेली गाडी शेवटच्या काही हजारांत आजारी पडली. माझ्या पहिल्या पानावरच्या हिशोबात ही शक्यता नव्हती, आज लिहून ठेवली: आधी कशी चालली ते विचारा, आणि गेलं वर्षभर कशी चालली ते वेगळं विचारा.

फिल्टर साफ करून मिळतो. पण काजळी का साठली, इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) की टर्बो, हे शोधायचं काम माझ्या खर्चाने करायची तयारी नाही. सोडली.

२२ फेब्रुवारी, शनिवार : गाडी ३

वर्तुळातलं नाव. पेट्रोल, मॅन्युअल गिअर, १,८४,३०० किलोमीटर, पहिल्यापासून एकाच घरात.

काकूंनी आधी चहा नको का विचारलं आणि मग कपाटातून फाईल काढली. बिलांच्या जोडीला एक लांबट वही. "ह्यांची सवय होती, पेट्रोल भरलं तरी लिहायचे." खरंच प्रत्येक टाकी: तारीख, मीटर, लिटर. चौदा वर्षांची. ऑइल दर ८,००० ते १०,००० ला. १,०२,००० ला टायमिंग बेल्ट, सोबत वॉटर पंप आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर. १,४०,००० ला क्लच. अक्षर १,६१,००० पर्यंत. त्यानंतर पानं कोरी. दोन वर्षांपूर्वी काका गेले. मग गाडी त्यांची मुलगी वापरायची, आणि त्या २३,००० किलोमीटरमधलं ऑइल बदलल्याचं बिल एकच.

माझ्या उजव्या रकान्यात एवढं भरभरून आजवर कधी आलं नव्हतं, आणि त्याच रकान्यात इतकं नेमकं भगदाडही नाही.

सुरू केली. पूर्ण गार. दीड सेकंदात लागली, खडखड नाही, धूर नाही. चालू करण्याआधी बॅटरी १२.५ व्होल्ट, चालू झाल्यावर १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक. डिपस्टिकवर ऑइल किमान खुणेच्या जरा खाली, काळं. कूलंट हिरवा, स्वच्छ, त्यावर तवंग नाही. ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळट साय नव्हती. (ती दिसली म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलंच असंही नाही. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या बाष्पानेही ती धरते. पण मग कूलंट कमी होतोय का, हे बघावं लागतं.)

चादर अंथरून खाली गेलो. व्हॉल्व्ह कव्हरपासून ओघळ, जुना, धूळ बसलेला, स्वस्तातलं गॅस्केट. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर मात्र कोरडं, हे महत्त्वाचं, कारण तिथलं सील कितीही क्षुल्लक असलं तरी त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उजवं चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचं बाहेरचं रबरी बूट फाटलेलं, ग्रीस चाकाच्या आत उडालेलं. पुढच्या लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यांचे) रबरी बुश चिरलेले. ब्रेक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, २० मिमी. जाडी मोजायचा कॅलिपर घरी राहिला, पण डिस्क झिजून कडेला उरलेला ओठ एवढा जाड झालाय की मोजायची गरज नव्हती. डिस्क बदलायच्या. सायलेन्सर गंजलाय पण भोक नाही.

चालवली. आधी रेडिओ बंद, खिडक्या वर. नंतर खिडक्या खाली, भिंतीच्या कडेने, कारण भिंत आवाज परत देते. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्हीकडे गोल फिरवली; डावीकडे वळताना कट्-कट्, म्हणजे फाटलेल्या बूटचा जॉइंटही गेलाय. ताशी ७० ला घूं असा आवाज नाही, गाडी जरा डावी-उजवी हलवली तरी नाही, तेव्हा चाकांचे बेअरिंग ठीक. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वेगाला सोडून पळाले नाहीत, क्लच धरतोय. उतारावर पाय काढून इंजिनावर उतरू दिली आणि खाली पोचल्यावर पुन्हा दाबला. मागे बसलेल्या मुलीने सांगितलं, "बाबा, थोडासा निळा."

थोडासा निळा. परत येताना तेवढंच डोक्यात.

२३ फेब्रुवारी, रविवार

काकूंची परवानगी घेऊन मिस्त्रींना घेऊन गेलो. इंजिन तापवलं, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, इग्निशनची जोडणी सोडवली, चारही प्लग काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये:

पहिला १७२, दुसरा १६८, तिसरा १७०, चौथा १५१.

सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांतला फरक १२ टक्के. १० ते १५ टक्क्यांपर्यंत बहुतेक जण चालवून घेतात, म्हणजे ही नेमकी सीमेवर उभी. चौथ्या प्लगच्या आट्यांवर ऑइलची ओल. मिस्त्रींनी चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं: १६६. ऑइलने फट बुजली आणि दाब वर गेला, म्हणजे गळती रिंगांपाशी. व्हॉल्व्ह बसत नसता तर ऑइल घालूनही आकडा हलला नसता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असते तर हेड गॅस्केटवर संशय घेतला असता.

वहीतल्या कोऱ्या पानांचा आणि चौथ्या सिलिंडरचा संबंध सिद्ध करता येणार नाही. पण ऑइल किमान खुणेच्या खाली आणि डांबरासारखं काळं होतं, रिंगांच्या खाचेत काजळी धरली तर त्या मोकळ्या हलत नाहीत, एवढं खरं. मिस्त्रींचं मत: "झिजलेली रिंग परत येत नाही, भाऊ. चिकटलेली कधीकधी येते. तुम्ही ऑइल खाणारी गाडी म्हणून किंमत करा, सुधारली तर नफा."

२६ फेब्रुवारी, बुधवार

डावा रकाना जोडला. डिस्क आणि पॅड, ड्राइव्ह शाफ्ट, लोअर आर्म, व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट, सगळी ऑइलं, आणि टायमिंग बेल्ट. बेल्टवर घरात वाद झाला. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात ९०,००० किलोमीटर किंवा ६ वर्षं, जे आधी येईल ते. किलोमीटरने अजून ७,७०० बाकी, पण वर्षांनी कधीच उलटून गेलेला. तो मी 'व्हायला हवं' मध्येच धरला. सगळं मिळून मागितलेल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं.

काकूंना यादी दाखवली, प्रत्येक ओळ समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "एवढं सगळं आहे तर तुम्ही घेताय कशाला?"

खरं तेच सांगितलं: बाकीच्या गाड्यांचं काय आहे ते मला माहीतच नाही. त्यांनी किंमत सहाव्या हिश्शाने उतरवली. बेल्टचं माझ्याकडे.

२ मार्च, रविवार

पैसे द्यायच्या आधी कागद. चॅसिस नंबरचे १७ अक्षर-आकडे कागदावरून गाडीवरच्या कोरीव नंबराशी एकेक बोट ठेवून जुळवले. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधी नसतात, १ आणि ० शी घोटाळा होतो म्हणून. कोरीव जागेभोवती वेल्ड किंवा नवा रंग नाही. गाडीवर कर्ज शिल्लक नाही याचं पत्र फाईलमध्ये होतं. दुसरी किल्ली मागून घेतली.

निघताना काकूंनी वहीही दिली.

९ मार्च, रविवार

बेल्ट, टेन्शनर, पंप बदलले. जुना बेल्ट दिसायला धडधाकट. उलटा वाकवल्यावर दातांच्या बुडाशी बारीक भेगा. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं नवं. नवं ऑइल ५,००० लाच बदलायचं, रिंगा मोकळ्या व्हायच्या असतील तर तेवढ्याने होतील. इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणारं रसायन) वगैरे मिस्त्रींनी हाणून पाडलं.

आणि माझं काय सुटलं ते: चालकाशेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं. बघायला गेलो तेव्हा एसी लावून गार हवा येते का एवढंच बघितलं, पाणी बाहेर कुठे टपकतं ते बघितलं नाही. नळी तुंबली होती आणि पाणी आत येत होतं. तारेने दोन मिनिटांत मोकळी झाली, कार्पेट वाळायला चार दिवस गेले. यादीत ओळ वाढवली: एसी दहा मिनिटं चालवा, मग गाडीखाली वाका.

३० मार्च, रविवार

१,००० किलोमीटर झाले. सपाट जागा, रात्रभर उभी गाडी, डिपस्टिक दोनदा पुसून. भरलेल्या खुणेपर्यंत आणायला ३५० मिली लागलं. काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्तही चालण्यासारखं धरतात, तेव्हा तक्रार नाही. उतारानंतरचा निळा अजून आहे, मुलीच्या मते कमी झालाय, मला तसं वाटत नाही.

काकांच्या वहीत त्यांच्याच रकान्यांत भरलं. तारीख, मीटर १,८५,४१०, पेट्रोल ३१.२ लिटर. ऑइलसाठी त्यांनी रकाना ठेवलेला नव्हता, लागलाच नसेल. तो समासात आखून घेतला.